बोलपटाच्या काळातला मूकपट

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवरून मूकपटाविषयी बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. मूकपटात माणसं दिसतात, ऐकू येत नाहीत. रेडिओवर ती ऐकू येतात, दिसत नाहीत. या दोन अर्धवटांची जोडी जमवली की बोलपट होतो, आणि तो झाल्यावर दोघांचीही किंमत उतरते, हे आपण पाहिलेलंच आहे. तेव्हा एका अर्धवटाने दुसऱ्याविषयी आपुलकीने दोन शब्द बोलावेत, यात वावगं काही नाही.

मी बोलणार आहे तो 'द आर्टिस्ट' या चित्रपटाविषयी, आणि त्याहून जास्त तो पाहिलेल्या माणसांविषयी. मिशेल हाझानाविसियस या फ्रेंच दिग्दर्शकाने २०११ साली हा चित्रपट आणला. कृष्णधवल, जवळजवळ पूर्ण मुका, मधूनमधून अक्षरांच्या पाट्या, आणि पडदाही जुन्या काळासारखा चौकोनी. चित्रीकरण केलं ते प्रत्यक्ष लॉस एंजलिसमध्ये. हालचालींना जुन्या चित्रपटांसारखी किंचित घाई यावी म्हणून सेकंदाला चोवीसऐवजी बावीस चौकटी टिपल्या. मे २०११ मध्ये कान महोत्सवात नायक झाँ द्युजार्दां याला उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये चित्रपटाने पाच ऑस्कर नेले. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं. त्याआधी मूकपटाला हा मान मिळाला होता तो १९२९ साली, पहिल्यावहिल्या सोहळ्यात, 'विंग्ज'ला. मधल्या त्र्याऐंशी वर्षांत कुणाला मूकपट आठवलाच नाही असं नाही. मेल ब्रुक्सने १९७६ मध्ये 'सायलेंट मूव्ही' काढला होता. त्यात उच्चारलेला शब्द एकच आहे, 'नो' या अर्थाचा फ्रेंच शब्द, आणि तो म्हणतो कोण, तर आयुष्यभर मूकाभिनय केलेला मार्सेल मार्सो! आपल्याकडे १९८७ साली सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 'पुष्पक' आला. पण त्यात संवाद नसले तरी आवाज आहेत, रस्ता आहे, गर्दी आहे. तो बोलत नाही, पण ऐकतो. 'द आर्टिस्ट'मध्ये ऐकायला संगीत आहे, बाकी काही नाही.

कथा सांगतो, थोडक्यात. १९२७ साल. जॉर्ज व्हॅलेंटिन हा हॉलिवुडमधला मूकपटांचा लाडका नायक. त्याला एकदा गर्दीत पेपी मिलर नावाची मुलगी धडकते, पुढे त्याच्याच चित्रपटात किरकोळ काम मिळवते. हा तिच्या ओठाच्या वर पेन्सिलीने एक तीळ काढून देतो आणि म्हणतो, नटीकडे इतरांकडे नसलेलं काहीतरी हवं. १९२९ साली बोलपटाची लाट येते. पेपी वर जाते, जॉर्ज बोलायला नकार देतो. स्वतःच्या पैशाने एक मूकपट काढतो, तो पडतो, त्याच सुमारास शेअर बाजारही कोसळतो. बायको जाते, घर जातं, सामानाचा लिलाव होतो. उरतो तो एक म्हातारा ड्रायव्हर, ज्याला वर्षभर पगार मिळालेला नाही, आणि एक कुत्रा. पुढे काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल, आणि ते तसंच होतं.

आमच्या गावात चित्रपट पाहणाऱ्यांची एक मंडळी आहे. संस्था म्हणावी असं काही नाही. एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत महिन्यातून एकदा पडदा लावतो, नंतर चहा आणि वाद. 'द आर्टिस्ट' दाखवला त्या रात्री चहा दोनदा करावा लागला.

एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, डोळ्यांत पाणी आलं. कशामुळे, विचारलं तर म्हणाले, कुत्र्यामुळे. यात हसण्यासारखं काही नाही. ऊगी नावाच्या त्या कुत्र्याने जगभरच्या लोकांना रडवलं आणि कानमध्ये कुत्र्यांसाठी असलेलं गमतीचं पारितोषिकही पटकावलं. दुसऱ्या एका गृहस्थांना पेपी आणि कोटाचा प्रसंग आवडला. जॉर्जच्या खोलीत त्याचा कोट खुंटीला लटकतो आहे. ती आपला एक हात त्या कोटाच्या बाहीत घालते, आणि तो कोटच जणू तिच्या कमरेभोवती हात टाकतो. एक शब्द न बोलता प्रेम दाखवायचं तर आणखी काय करायचं? मी कवी माणूस आहे. त्या प्रसंगाने मला हेवा वाटला.

पण आमच्यात एक जण पक्का मूकपटवेडा आहे. मुर्नाऊचा 'सनराइज', किंग व्हिडॉरचा 'द क्राउड' पाहून पाठ केलेला माणूस. तो तावातावाने म्हणाला, ही आदरांजली नाही, ही वेशभूषा स्पर्धा आहे. १९२८ सालापर्यंत मूकपट कुठल्या कुठे पोचला होता! 'द लास्ट लाफ'मध्ये १९२४ साली मुर्नाऊने पाट्यासुद्धा जवळजवळ काढून टाकल्या होत्या, कॅमेरा चालायला लागला होता. आणि हे लोक मूकपट म्हणजे गोंडस, भाबडं, कुत्रं आणि मिशी असं दाखवतात. कथा म्हणाल तर अर्धी 'सिंगिंग इन द रेन', अर्धी 'अ स्टार इज बॉर्न'. नाश्त्याच्या टेबलावर नवरा-बायकोचं बिनसत जातं तो प्रसंग 'सिटिझन केन'चा. मग यांचं स्वतःचं काय?

ही तक्रार त्याची एकट्याची नव्हती. पाश्चात्त्य देशांतल्या जुन्या चित्रपटांच्या चाहत्यांनीही ती केली होती. अभिनेत्री किम नोव्हाक तर जानेवारी २०१२ मध्ये 'व्हरायटी'त पानभर जाहिरात देऊन, अतिशय जहाल शब्दांत संतापल्या होत्या. कारण हे, की चित्रपटाच्या शेवटाकडच्या नाट्यमय प्रसंगात बर्नार्ड हरमनचं 'व्हर्टिगो'चं संगीत जसंच्या तसं वाजतं. 'व्हर्टिगो' १९५८ चा, नायिका त्या स्वतः. दिग्दर्शकाचं म्हणणं, मी हे प्रेमाने केलं, श्रेयनामावलीत नावही दिलं. दोघांचंही खरं असेल. पण ते सूर ज्याने आधी ऐकलेत, त्याच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी जॉर्ज आणि पेपी राहतच नाहीत, दुसराच चित्रपट सुरू होतो. चित्रपटाच्या बाजूने विचार केला तरी हा तोट्याचाच व्यवहार.

आणि तिसरा पक्ष लिव्हरपूलचा. तिथल्या एका चित्रपटगृहात काही प्रेक्षकांनी उठून तिकिटाचे पैसे परत मागितले होते. चित्रपट मुका आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. ही बातमी वाचून सगळीकडचे रसिक हसले होते. मला ती माणसं प्रामाणिक वाटली. त्यांना आदरांजली बिदरांजली नको होती, त्यांना शनिवारची संध्याकाळ हवी होती.

माझं मत विचाराल तर मधला अर्धा तास लांबला आहे. जॉर्जचा स्वतःविषयीचा कळवळा एका मर्यादेनंतर आपल्याला पेलत नाही. पण या चित्रपटात दोन जागा अशा आहेत की त्यांच्यासाठी मी बाकीचं सगळं माफ करतो. एक स्वप्नाची. बोलपटाची चाचणी पाहून जॉर्ज हसत हसत आपल्या खोलीत येतो, ग्लास टेबलावर ठेवतो, आणि ग्लासचा आवाज होतो. इतका वेळ मुका असलेल्या चित्रपटात, टक्! तो दचकतो. कंगवा, फोन, कुत्रा, बाहेर हसणाऱ्या मुली, सगळ्यांना आवाज फुटला आहे. फक्त त्याला नाही. तो ओरडतो आणि घशातून काही येत नाही. शेवटी एक पीस तरंगत तरंगत जमिनीवर टेकतं आणि स्फोट झाल्यासारखा आवाज होतो.

दुसरी जागा शेवटची. जॉर्ज आणि पेपी पायांनी ताल धरत नाचतात, नाच संपतो, आणि आपल्याला त्यांचा धापा टाकणारा श्वास ऐकू येतो. निर्माता विचारतो, आणखी एकदा कराल का? आणि जॉर्ज दोन शब्द बोलतो. होकाराचे, आनंदाने करतो अशा अर्थाचे. इंग्रजी शब्द, पण उच्चार ठार फ्रेंच. तिथे एकदम उलगडा होतो. त्याची बायको पाटीवर विचारत असते, तू बोलायला का नाकारतोस? त्याचं उत्तर चित्रपटभर कुठेच नाही, ते या दोन शब्दांत आहे. अमेरिकेचा लाडका नायक अमेरिकन नव्हताच. तोंड उघडलं असतं तर तो परका ठरला असता.

आमच्या मूकपटवेड्याला हे पटलं नाही. त्याच्या मते हा शेवटी खिशातून काढलेला विनोद आहे. असेलही. पण ज्यांना आपल्या उच्चारावरून ओळखलं जाण्याची सवय आहे, त्यांना तो विनोद जरा वेगळा ऐकू येतो.

हे काही फक्त हॉलिवुडात घडलं नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशिर इराणींचा 'आलम आरा' लागला. त्याचा नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी माणूस, मूकपटांतल्या हाणामारीचा बादशहा. बोलपटासाठी त्याने आपल्या जुन्या कंपनीचा करार मोडला, खटला झाला, आणि त्याची बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले. एवढं करून भूमिका मिळाली, तर विठ्ठलच्या जिभेला हिंदुस्तानी वळेना. मग नायकाला चित्रपटात बराच वेळ गुंगीत ठेवला गेला, म्हणजे बोलायला नको! दुसरी सुलोचना, रूबी मायर्स. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सोडून पडद्यावर आलेली, मूकपटांतली सर्वांत मोठी नटी. बोलपट आल्यावर ती काही काळ बाजूला झाली आणि हिंदुस्तानी शिकून परत उभी राहिली. विठ्ठलला झोपवलं गेलं, सुलोचना शाळेत बसली. 'द आर्टिस्ट'ची गोष्ट काल्पनिक आहे असं मला कुणी सांगू नये.

मात्र अशी आदरांजली आपल्याला वाहायची तर वाहायची कुणाला, हा प्रश्नच आहे. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले आणि त्यांतले फारच थोडे आज हाती आहेत. बाबुराव पेंटरांचा १९२५ चा मूक 'सावकारी पाश' गेला तो गेलाच. हाझानाविसियसला नक्कल करायला मूळ चित्रपट पुन्हा पुन्हा पाहता आले. परेश मोकाशींनी २००९ मध्ये 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' केला तेव्हा त्यांनी फाळक्यांच्या चित्रपटाची नक्कल केली नाही, फाळक्यांच्या घराची गोष्ट सांगितली, आणि ती बोलकी सांगितली. मला वाटतं ते शहाणपणाचं होतं.

आता मी ज्यांच्या मतासाठी आजचा हा विषय घेतला, त्यांच्याकडे येतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो. लहानपणी आलेल्या एका तापानंतर तिला ऐकू येईनासं झालं. कर्णबधिरांच्या शाळेत ती मराठी लिहाय-वाचायला शिकली, ओठ वाचायला शिकली. आमच्या लहानपणी गावात तंबूतला सिनेमा यायचा, आणि अम्मा तिला आवर्जून न्यायची. पडद्यावर गाणी चालली असताना आपा बायकांच्या बाजूला बसून स्वतःचीच एक गोष्ट रचायची, आणि घरी आल्यावर खुणांनी ती आम्हाला सांगायची. ती बहुतेक वेळा मूळ गोष्टीपेक्षा बरी असायची.

चित्रपट बोलू लागला तेव्हा सगळ्यांना काहीतरी मिळालं आणि एका वर्गाचं सगळं गेलं, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. मूकपटाच्या काळात बहिरा माणूस आणि ऐकणारा माणूस एकाच तिकिटात जवळजवळ एकच चित्रपट पाहत होते. किंबहुना बहिऱ्याला थोडा जास्तच दिसायचा. १९२६ चा 'व्हॉट प्राइस ग्लोरी' हा युद्धपट लागला, तेव्हा पाटीवर सभ्य शब्द आणि नटांच्या ओठांवर सैनिकी शिव्या असा प्रकार होता. ऐकणाऱ्यांना पत्ता नाही, आणि ओठ वाचणाऱ्यांनी तक्रारी केल्या! मग एका रात्रीत ती माणसं दाराबाहेर.

म्हणून 'द आर्टिस्ट' मी आपाला घरी दाखवायचा ठरवला. पाट्या इंग्रजी, तिला इंग्रजी येत नाही. पण पाट्या थोड्या आहेत. मी एका संध्याकाळी सगळ्या मराठीत उतरवून काढल्या, वहीचे कागद फाडून जाड पेनाने मोठ्या अक्षरात लिहिल्या, आणि टीव्हीशेजारी मोढ्यावर बसून एकेक वर धरत गेलो. मूकपटांच्या काळी आपल्या थिएटरांत पाट्या मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असायचा. मी त्याचाच वंशज, फक्त आवाज न करणारा.

कोटाचा प्रसंग तिला आवडला, तो तिने उठून करून दाखवला. कुत्रा आवडला. पाट्यांवर तिची एक तक्रार होती: ते लोक एवढा वेळ ओठ हलवतात आणि तू एवढंसंच लिहितोस, बाकीचं कुठे गेलं? मग आला तो स्वप्नाचा प्रसंग. मी ज्याच्यावर जीव टाकतो तो. आपाने पाहिलं: एक माणूस ग्लास ठेवतो आणि घाबरतो. पुन्हा ठेवतो, पुन्हा घाबरतो. फोनला घाबरतो, पिसाला घाबरतो. तिने माझ्याकडे वळून कपाळाशी बोट फिरवलं. डोकं फिरलं का याचं?

मी थांबवून समजावलं. तिला कळलं, पण कळणं आणि दचकणं यांत अंतर आहे. मूकपटाला वाहिलेल्या या आदरांजलीतली सर्वांत उत्तम जागा बहिऱ्या माणसाला बंद आहे, ही गोष्ट मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात मला आढळली नाही. खऱ्या मूकपटात असा प्रसंग करताच आला नसता. ही शांतता ऐकू येणाऱ्यांनी ऐकू येणाऱ्यांसाठी केली आहे.

शेवटच्या दोन शब्दांचं तर आणखी अवघड. तिथे पाटीच नाही, ते बोललेले शब्द आहेत. 'आनंदाने' असं मी लिहिलं असतं तर अर्थ आला असता, उच्चार आला नसता. आणि तिथे अर्थाला काही किंमत नाही, उच्चारालाच आहे. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तीस वर्षं कविता लिहितो आहे, पण परका उच्चार कागदावर कसा धरायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग अब्बा आठवले. अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मराठी सराईत बोलायचे, पण घरची बोली दखनी, त्यामुळे त्यांच्या तोंडी 'ळ' कधी बसला नाही. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस जन्मभर 'घड्याल' म्हणाला. गिऱ्हाईक हसायचं, कुणी मुद्दाम दोनदा विचारायचं, एका कचेरीतल्या बाबूने तर तेवढ्यावरून, तुमचं मूळ गाव कोणतं, असं विचारलं होतं. अब्बांची तिसरी पिढी त्याच गल्लीत राहत होती. मी मात्र 'ळ' घोटून घोटून पक्का केला. आता सभेनंतर लोक येऊन सांगतात, तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! मी आभार मानतो.

ओठांवर 'ळ' आणि 'ल' यांत फरक दिसत नाही. आपाला अब्बांचा उच्चार कधीच कळला नाही. पण ती दुकानात बसायची आणि अब्बा बोलले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तेव्हा त्या शेवटच्या कागदावर मी लिहिलं, 'एक वेल काय, दहा वेला करतो!'

तिने ते वाचलं. चूक झाली असं समजून माझ्या हातातलं पेन घ्यायला हात पुढे केला, 'ल'वर बोट ठेवलं, आणि थांबली. मग भिंतीवरच्या अब्बांच्या तसबिरीकडे बोट केलं. मी मान हलवली. ती बराच वेळ टीव्हीकडे पाहत राहिली, तिथे नावं वर सरकत होती. नंतर तिने कागदाच्या मागे लिहिलं, 'म्हणून बोलत नव्हता होय.'

पुढच्या रविवारी मी तिला चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' लावून दिला. हा १९३१ चा, 'आलम आरा'च्या आधी जेमतेम दीड महिना अमेरिकेत लागलेला. जग बोलू लागलं होतं आणि चॅप्लिनने न बोलायचं ठरवलं होतं. त्यात आंधळी फुलवाली फटिंग चार्लीला श्रीमंत समजते, कारण तिने मोटारीचं दार लागल्याचा आवाज ऐकला आहे. म्हणजे गोष्टीचा सगळा डोलारा एका आवाजावर उभा, आणि चित्रपट मुका! चॅप्लिनने तो प्रसंग जमेपर्यंत शेकडो वेळा चित्रित केला. चार्ली रस्ता ओलांडायचा म्हणून उभ्या मोटारीत एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने उतरतो, दार लावतो. फुलवाली मान वळवून फूल पुढे करते. मग खरा मालक येऊन मोटारीत बसतो, मोटार निघून जाते, आणि उरलेले पैसे न घेताच साहेब गेले असं तिला वाटतं.

या प्रसंगाला मी एकही कागद वर धरला नव्हता. आपाने माझ्या दंडावर चापट मारली, कानाला हात लावला, हवेत दार लावल्याची खूण केली आणि हसली. तिने दार ऐकलं होतं.

मूकपटवेड्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बघ, मी म्हणत नव्हतो? मी म्हटलं, थांब, 'द आर्टिस्ट'चा तो शेवटचा कागद तिने वहीत जपून ठेवला आहे, 'सिटी लाइट्स'चा एकही ठेवलेला नाही. यावर त्याला काही सुचलं नाही, आणि मलाही.

सध्या बस्टर कीटनचा 'द जनरल' काढून ठेवला आहे. पाट्या फारशा नाहीत, पण गोष्ट सगळी आगगाडीची. सांधे बदलणं आलं, मालडबा आला, कोळशाऐवजी लाकडं जाळणारं इंजिन आलं. रेल्वेत नोकरी झालेल्या एका शेजाऱ्यांकडून मी शब्द गोळा करतो आहे. त्यांना कळत नाही की कवीला हे सगळं कशाला हवं, आणि आपा रोज विचारते, कागद झाले का?